धारेचा पांगुळगाडा

एकोणतीस वर्षं मी लोकांना सुतारकाम शिकवलं आणि एकोणतीस वर्षं मला रंध्याच्या पात्याची भीती वाटत होती. नोकरीत असताना हे मी कुणापुढे बोललो नाही. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तेव्हा लिहायला हरकत नाही.

कोलकात्यातल्या आपल्या मंडळींच्या या दिवाळी अंकात बहुतेक आठवणी बँकेतल्या नाहीतर सरकारी कचेऱ्यांतल्या असतात. संपादकबाई म्हणाल्या, "इंगळेकाका, तुमचं काम सगळ्यांपेक्षा वेगळं. काहीतरी गमतीचं लिहा." गमतीचं थोडं आहे, ते आधी सांगून टाकतो. बाकीचं गमतीचं नाही.

मी बेहाल्यातल्या एका लहानशा सरकारी केंद्रात निदेशक होतो. कारखान्यात, रेल्वेखाली, रस्त्यावर हात किंवा पाय गमावलेल्या माणसांना आमच्याकडे नवं काम शिकवत. शिवणकाम होतं, वेताचं काम होतं आणि माझ्याकडे सुतारकाम. एका वेळी बारा माणसं. नऊ महिने शिकवायचं, मग बाहेरचा परीक्षक येऊन परीक्षा घेणार. पास झालेल्याला प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असेल तर कुठल्यातरी फर्निचरच्या कारखान्यात काम मिळायची आशा.

माझा जन्म मेहकरचा. वडील आरा गिरणीत लाकडं ढकलायचे. ते संध्याकाळी घरी आले की आई दारातच आधी त्यांचे हात बघायची आणि मग पाणी द्यायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. शाळेतल्या मास्तरांनी स्वतःच्या सायकलवर बसवून मला बसस्टँडपर्यंत सोडलं नसतं, तर मीही गिरणीतच गेलो असतो. पदवी झाली, निदेशकाचं प्रशिक्षण झालं आणि नेमणूक आली ती थेट कोलकात्याला. या उपकाराची जाण मला आजही आहे. पण खरं सांगायचं तर सुतारकाम मी वहीतून शिकलो होतो. हातातून शिकणं फार उशिरा सुरू झालं.

ज्यांनी रंधा कधी हातात धरला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रंध्याच्या पोटात लोखंडाचं एक रुंद पातं असतं. त्याची धार लाकडावरून कांद्याच्या पापुद्र्यासारखं सालपट काढते. धार बोथट असली की रंधा लाकूड ओरबाडतो, आणि माणूस मग जास्त जोर लावतो. बहुतेक अपघात त्या जास्तीच्या जोरानं होतात. म्हणून दिवसातून दोन-तीनदा पातं काढून दगडावर घासायचं. घासताना त्याचा कोन मात्र हलता कामा नये. तीस अंश म्हणजे तीसच. कोन डोलला की धार गोल होते. जुना मिस्त्री हा कोन मनगटात सांभाळतो. त्याला विचारलं तर तो सांगू शकत नाही, नुसतं घासून दाखवतो.

आमच्याकडे असा मिस्त्री होता, हाराधन, सगळ्यांचा हारूदा. कार्यशाळेचा मदतनीस म्हणून त्याची नेमणूक, पण खरा गुरू तोच. तो बिडी तोंडात धरून, गप्पा मारत पातं घासायचा, आणि मग हाताच्या पाठीवरचे केस त्या पात्यानं साफ उडवून दाखवायचा. मला ते जमत नसे. मी पातं धरलं की माझी बोटं आखडत. म्हणून मी एक छोटं साधन वापरायचो, होनिंग गाइड. लोखंडाचे दोन जबडे, त्यांना आवळणारा एक स्क्रू आणि खाली मधोमध एक बारकं चाक. जबड्यात पातं धरायचं, दीड इंच पुढे काढायचं, चाक दगडावर टेकवायचं आणि पुढे-मागे ढकलायचं. दीड इंच म्हणजे आपोआप तीस अंश. मनगटाला काही काम नाही.

हारूदानं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बिडी तोंडातून काढली. "इंगळेबाबू, हे काय? पोर चालायला शिकतं तेव्हा देतात ती गाडी?"

आपल्याकडे त्याला पांगुळगाडा म्हणतात. मी त्याला तो शब्द सांगितला. त्याला तो इतका आवडला की पुढे बारा बंगाली माणसं त्या गाइडला 'पांगुल' म्हणू लागली.

गमतीची माणसं भेटली ती अशी. एक मिनीबसचा कंडक्टर होता, पाय गुडघ्याखाली गेलेला. त्याला धार लावण्याचं वेडच लागलं. महिनाभर तो नुसती पाती घासत होता, लाकडाला रंधा लावेना. शेवटी हारूदा म्हणाला, "दाढी करायला बसलाय की टेबल करायला?" तो म्हणाला, "दादा, टेबल केलं की धार जाते ना!" दुसरे एक गृहस्थ होते, ते घासताना डोळे मिटून घेत आणि आवाज ऐकत. आवाज बदलला की थांबत. त्यांची धार वर्गात सर्वांत चांगली असे. ते डोळे मिटून बसले की मी भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो, कारण मला बघवत नसे. बाकीच्यांना वाटे सर फळ्याचा विचार करताहेत.

सकाळी हजेरी घेताना मी नावं वाचायचो, पण बघायचो हातांकडे. काल होती तितकी बोटं आज आहेत ना.

निमाई मंडल पावसाळ्यात आला. चाळिशीचा, बजबजच्या तागाच्या गिरणीतला. यंत्रानं त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती. डावा हात शाबूत. घरी बायको आणि दोन मुली. तो फार कमी बोलायचा. पहिल्या दिवशी मी विचारलं, "सुतारकामच का निवडलंत?" तर म्हणाला, "स्यार, शिवणाला दोन हात लागतात. वेताला दहा बोटं लागतात. हारूदा म्हणाले, इथे डोकं लागतं."

करवत त्याला लवकर जमली. पटाशीही जमली. अडलं ते पात्यावर. गाइडमध्ये पातं धरून ढकलताना दोन्ही हातांची बोटं धारेजवळ सारखी दाबावी लागतात. निमाईच्या उजव्या बाजूला दाबायला करंगळीच होती. चाक बारीक आणि मधोमध, म्हणून पातं डावीकडे कलायचं. धार तिरकी यायची. गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावून बघितलं की एका कोपऱ्यात फटीतून उजेड दिसायचा. तो पुन्हा घासायचा. महिन्याभरात एक पातं त्यानं अर्धा इंच झिजवलं. मग त्यानं डाव्या हातानं जोर वाढवला. मला तो जोर दिसत होता. मी म्हणत होतो, "सावकाश, निमाईबाबू." यापलीकडे मला काही सुचत नव्हतं.

आश्विनात पूजेची सुट्टी लागली. केंद्रातल्या हत्यारांची पूजा विश्वकर्म्याच्या दिवशी होऊन गेली होती. त्या दिवशी हारूदा कुणाला स्क्रूसुद्धा फिरवू देत नसे. पण आमच्या घरी हत्यारांची पूजा दसऱ्याची. माझे वडील दसऱ्याला गिरणीतून आकडा आणि पाना घरी आणायचे, धुऊन, पुसून, हळदीकुंकू वाहून पाटावर मांडायचे. वडील गेल्यानंतर मी ती पद्धत मोडली नाही. सुट्टीत गाइड घरी घेऊन आलो आणि पाटावर ठेवला. कुंकू ओलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी तांबूस डाग दिसला.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, ही नदीकाठची हवा. लोखंड असं उघडं ठेवलं तर आठ दिवसांत खाऊन टाकेल. तेल लावा जरा." तिनं खोबरेलाची बाटली पुढे केली. मी गाइड उघडला आणि मनापासून तेल चोळलं. चाकाला चोळलं, स्क्रूला चोळलं आणि जबड्यांच्या आतून, जिथे पातं धरलं जातं तिथेही चोळलं. बोट घालून, एकही कोपरा न सोडता. आम्ही दगडावर पाणी वापरायचो, त्यामुळे केंद्रात त्या गाइडला तेल कधी लागलंच नव्हतं. पुसून ठेवायला पाहिजे होतं. देवाचं केलेलं लगेच पुसायचं नाही, असं मनात आलं असावं.

इथली कोजागिरीची लक्ष्मीपूजा झाल्यावर केंद्र उघडलं. पहिल्याच सकाळी निमाईनं माझ्याकडून गाइड मागून घेतला. मी खिडकीजवळ दुसऱ्या एकाची चौकट तपासत होतो. मला आवाज आला तो असा: दगडावर चाक फिरल्याची नेहमीची घरघर, मग एक कट्, आणि मग काहीच नाही.

निमाई ओरडला नाही. तो उभाच होता आणि डाव्या हाताकडे बघत होता.

काय झालं ते यंत्र समजणाऱ्याला लगेच कळेल. पुढे ढकलताना धार दगडात रुतली आणि पातं जागीच थांबलं. जबडा घट्ट असता तर गाइडही थांबला असता. पण गाइड पात्यावरून सरकत पुढे गेला, त्याच्यामागचा हात पुढे गेला आणि डावी तर्जनी धारेवरून गेली. ते पातं त्यानं स्वतः घासलं होतं. चांगली धार होती.

हारूदानं गमछा फाडून बांधला. रिक्षेत मी त्याचा हात माझ्या छातीशी उंच धरून बसलो होतो. माझा शर्ट गरम होत गेला. निमाई एकच गोष्ट विचारत होता. "स्यार, हे पण जाणार?" दर खड्ड्याला विचारत होता. मी "नाही" म्हणत होतो. मला काही ठाऊक नव्हतं. माझे दात एकमेकांवर आपटत होते आणि ते त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी जबडा दाबून धरला होता.

हॉस्पिटलात आत नेल्यावर मी बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर कुणाचं तरी जाहिरातीचं कॅलेंडर होतं. त्यावरचे आकडे मला ओळखता येईनात. डॉक्टर तासाभरानं बाहेर आले आणि म्हणाले, "बोट वाचलं. शीर तुटता तुटता राहिली. सहा आठवडे वाकवायचं नाही."

मी केंद्रात परतलो. सगळे गेले होते. गाइड तसाच पडला होता. रक्त धुवायला म्हणून मी तो उचलला आणि स्क्रू सोडला. जबड्याच्या आत बोट गेलं ते बुळबुळीत. नाकाशी नेलं. खोबरेल.

त्या क्षणी मी काय केलं ते लिहिण्यासाठीच हा लेख लिहितोय. मी साबण घेतला. गाइड दोनदा धुतला, आतून ब्रशनं घासला, चिंधीनं कोरडा केला आणि कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी अपघाताची नोंद मागितली. मी लिहिलं, 'धार लावत असताना प्रशिक्षणार्थीचा हात घसरला.' निमाईपुढे ती वाचून दाखवावी लागणार होती. मी वाचली. तो म्हणाला, "हां. हात घसरला." अंगठा आणि करंगळी यांत पेन धरून त्यानं सही केली. लहान पोरासारखी मोठी मोठी अक्षरं.

मला कशाची भीती होती? नोकरीची होतीच. शेवटची पाच वर्षं उरली होती. पण त्याहून एक मोठी भीती होती. वहीतून शिकलेला माणूस शेवटी उघडा पडेल, हारूदा बिडी काढून म्हणेल, "पाहिलंत? पांगुल." सुनंदालाही मी सांगितलं नाही, कारण बाटली तिनं दिली होती.

सहा आठवड्यांनी निमाईचं बोट वाकू लागलं. तो रोज यायचा, करवत चालवायचा, सांधे करायचा. पण पात्याला हात लावत नसे. दुसऱ्यानं लावलेल्या धारेवर रंधा मारायचा. परीक्षेत मात्र पहिलं कामच हे असतं: परीक्षक बोथट केलेलं पातं देतो, वीस मिनिटांत धार लावायची आणि सागवानाच्या पट्टीवरून सलग सालपट काढून दाखवायचं. ते नाही जमलं तर पुढचं तपासतच नाहीत.

मी नवा गाइड करायचं ठरवलं. प्रायश्चित्त म्हणा. कागदावर दहा आकृत्या काढल्या. निमाईला दाखवल्या तर तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "स्यार, तुम्ही पातं बाजूनं का धरता?"

"सगळे तसंच धरतात."

"गिरणीत तागाचा पेळू रुळातून जातो, त्याला वरून दाबतात. वरचा रूळ, खालचा रूळ. बाजूनं धरलेलं सुटतं. वरून दाबलेलं सुटत नाही." मग आपल्या उजव्या हाताकडे बघून म्हणाला, "अजिबात सुटत नाही."

तो बरोबर होता. बेहाल्यात ट्राम डेपोच्या मागच्या गल्लीत एक लेथवाला होता, त्याच्याकडून आम्ही तुकडे करून घेतले. खाली सपाट पट्टी, तिला दोन्ही कडांना ओठ, म्हणजे पातं तिरकं बसूच नये. वरून आडवी दांडी आणि तिला दोन मोठे कान असलेले नट. ते नट अंगठा आणि करंगळीनं फिरतील एवढे मोठे करून घेतले. जबड्याची आतली बाजू कानशीनं खरखरीत केली. मधलं बारीक चाक काढून टाकलं आणि पात्याच्या रुंदीएवढा पितळी रूळ बसवला, म्हणजे एका बाजूला जोर जास्त पडला तरी पातं कलणार नाही. पाठीवर एक लाकडी मूठ बसवली. तळहातानं ढकलायचं, बोटं धारेजवळ न्यायचीच नाहीत. आणि नियम केला की जोर ओढताना लावायचा, पुढे नेताना हात हलका. पातं किती पुढे काढायचं यासाठी एका फळीवर ठोकळा ठोकला. पातं ठोकळ्याला टेकलं की दीड इंच, मोजायचं काम नाही.

हारूदानं तो फिरवून फिरवून बघितला. मग स्वतःचं पातं त्यात घातलं, दहा-बारा हात मारले, आणि धार अंगठ्यावर आडवी तपासली.

"हं," म्हणाला. "पोर चालायला लागलं."

गुण्या लावला. कुठेच उजेड नाही. सगळ्यांनी वापरून बघितला. वर्गात ज्याची धार सर्वांत वाईट होती त्याचीही नीट आली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण ज्याच्यासाठी केला होता तो मूठ धरायचा आणि थांबायचा. हात दगडाच्या वर अधांतरी राहायचा. मग तो गाइड खाली ठेवून म्हणायचा, "उद्या, स्यार."

"गाइड पक्का आहे, निमाईबाबू. हलवून बघा."

"गाइड पक्का आहे," तो म्हणायचा. "मी ते म्हणत नाही."

तो काय म्हणत होता हे मला कळायला पाहिजे होतं. कळलंही असेल. मी ते कळू दिलं नाही.

परीक्षा माघात आली. परीक्षक बाहेरून आलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी गाइड हातात घेतला, नट फिरवून पाहिले, रूळ बोटानं फिरवला. "कुणी केला?" मी म्हटलं, "आम्ही." ते म्हणाले, "चालेल. अपंगत्व असलेल्या उमेदवाराला साधन वापरता येतं. पण परीक्षा सुरू झाली की निदेशकानं उमेदवाराशी बोलायचं नाही. बोललात तर त्याची परीक्षा रद्द."

निमाईचा नंबर सातवा. त्यानं पातं ठोकळ्याला टेकवलं, नट आवळले, दगडावर पाणी शिंपडलं. मूठ धरली. आणि हात थांबला.

कार्यशाळेत बाकीच्यांचे रंधे चालू होते. मला फक्त त्याचा डावा हात दिसत होता. तर्जनीवरचा व्रण पांढरा पडला होता. एक मिनिट गेलं. तीन गेली. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. "तेरा मिनिटं उरली आहेत."

निमाई आपल्या डाव्या हाताकडे असा बघत होता, जसं एखादं कुत्रं एकदा चावल्यावर माणूस त्याच्याकडे बघतो. तेव्हा मात्र मला स्वतःपासून ते लपवता आलं नाही. तो पात्याला घाबरत नव्हता. गाइडला घाबरत नव्हता. त्याला त्या हाताची भीती होती. आपला उरलेला हात घसरतो, असं त्यानं कागदावर सही करून मान्य केलं होतं. ते वाक्य माझं होतं.

दारात हारूदा उभा होता. मी परीक्षकांसमोर गेलो आणि मोठ्यानं, हिंदीत म्हणालो, "सर, मला तुम्हाला एक निवेदन करायचं आहे. उमेदवाराला नाही, तुम्हाला."

"आत्ता?"

"आत्ताच, सर. ऑक्टोबरात या उमेदवाराला जो अपघात झाला, त्यात त्याचा हात घसरला नव्हता. मी साधनाच्या जबड्यात खोबरेल तेल लावलं होतं आणि पुसायला विसरलो होतो. पातं जबड्यातून सुटलं. हात जिथे असायला हवा होता तिथेच होता. मी नोंदीत खोटं लिहिलं."

एकेक रंधा थांबत गेला. परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे चार महिन्यांनी सांगताय?"

"हो सर."

"लेखी द्यावं लागेल."

"देतो."

हारूदाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. निमाईकडेही मी बघितलं नाही. खाली फरशीकडे बघत उभा राहिलो. मग नट सैल केल्याचा आवाज आला. मान न वळवता मी तिरकं बघितलं. निमाईनं पातं बाहेर काढलं होतं. खांद्यावरच्या गमछ्याचं टोक घेऊन तो जबडा आतून पुसत होता. एकदा, दोनदा. मग बोट आत फिरवून त्यानं ते नाकाशी नेलं. पातं पुसलं. पुन्हा बसवलं. नट आवळले, आणि पितळी रूळ दगडावरून मागे आला. घर्र. हलकेच पुढे गेला. पुन्हा मागे.

त्याचं काम झालं तेव्हा अजून चार मिनिटं शिल्लक होती. सागवानाच्या पट्टीवरून सालपट निघालं ते टोकापासून टोकापर्यंत सलग, इतकं पातळ की परीक्षकांनी ते खिडकीकडे धरलं तर बाहेरचं झाड दिसलं. त्यांनी ते वहीत दाबून ठेवलं.

दुपारी तो पायऱ्यांवर चप्पल घालत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. माफी मागायची वाक्यं मी तयार केली होती, बंगालीत, चुका काढून काढून. तो वर न बघता म्हणाला, "चार महिने मी घरी या हातानं भात वाढला नाही स्यार, माहीत आहे? मुलींना उचललं नाही. गरम भांडं धरलं नाही. म्हटलं, हा पण गेला. दिसतो आहे, पण गेला. आणि तुम्ही रोज समोर उभे असायचात."

मी म्हटलं, "चुकलो मी."

"तेल लावलंत त्याचं काही नाही," तो म्हणाला. "ते कुणीही लावेल." आणि बजबजची गाडी पकडायला निघून गेला.

मला खात्याकडून लेखी समज मिळाली. ती योग्यच होती. हारूदा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आठव्या दिवशी त्यानं चहाचा भांड, म्हणजे मातीचा पेला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "इंगळेबाबू, मी एकदा एका पोराचं बोट करवतीखाली दिलं होतं. तीस वर्षं झाली. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगितलं." नंतर आम्ही दोघांनी त्या गोष्टीचा विषय काढला नाही.

निमाई पास झाला. बेहाल्यातच एका फर्निचरच्या कारखान्यात लागला. मेट्रोच्या खांबांमागे, पत्र्याच्या छपराखाली सात-आठ माणसं काम करतात. केंद्रातून निघताना त्यानं गाइड मागितला आणि प्रमुखांनी दिला. मी कित्येकदा त्या रस्त्यानं गेलो आणि पलीकडच्या फुटपाथनं गेलो. निवृत्त झाल्यावर एकदा आत शिरलो.

तो रंधा मारत होता. मला बघून थांबला, स्टूल पुढे केलं, चहा मागवला. मुलींचं विचारलं तर फोनवर फोटो दाखवले. तेवढ्यात शेजारच्या धडधाकट दोन हातांच्या मिस्त्रीनं हाक मारली, "निमाईदा, गाडी दे रे!" निमाई म्हणाला, "सगळे वापरतात. आधी हसायचे."

गाइड टेबलावर होता. पितळी रूळ झिजून मध्ये किंचित चमकत होता. सवयीनं मी तो उचलला, नट सैल केले आणि जबड्यात बोट फिरवलं. खरखर अजून शाबूत होती.

निमाईनं तो माझ्या हातातून घेतला. हिसकावून नाही, हलकेच. खिशातून कोरडं फडकं काढलं आणि जिथे माझं बोट फिरलं होतं तिथे आतून पुसलं.

"तुमचा हात लागला की मी पुसतो, स्यार," तो म्हणाला.

हसत म्हणाला. पण पुसलं मात्र नीट, दोन्ही जबडे, कोपऱ्यांपर्यंत, आणि मगच तो शेजारच्या माणसाला दिला.